शनिवारचा वर्ग

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

शनिवारी मुलांना चित्रकला शिकवायला जावं का, असं तू विचारलंस. शिकवण्याच्या नादात स्वतःचं काम मागे पडेल ही तुझी धास्ती मला कळते. पण तुझ्या टेबलावर बर्न होगार्थ या अमेरिकन चित्रकथाकाराचं शरीररचनेचं पुस्तक सदा उघडं असतं, त्या माणसाकडेच बघ ना.

शिकागोत १९११ साली सुताराच्या घरी जन्मला. पोराची चित्रं बापाने जपून ठेवली आणि ती चित्रं व पोरगा, दोघांना घेऊन तो थेट आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये गेला. बाराव्या वर्षी प्रवेश मिळाला. (मला हा बाप फार आवडतो.)

१९३७ मध्ये, आधीचा चित्रकार हॅल फॉस्टर याच्यानंतर, वर्तमानपत्रातल्या टारझन चित्रकथेचं रविवारचं पान त्याच्याकडे आलं. ती पानं सावकाश बघ. टारझन नुसता उभा असला तरी पोटरी ताणलेली, बोटं फाकलेली. झाडाच्या मुळांनाही तोच पीळ. सुरुवातीच्या पानांत संवादाचे फुगे नाहीत, मजकूर वेगळा. बोलायचं ते शरीराने.

१९४७ मध्ये सायलस ऱ्होड्सबरोबर त्याने न्यूयॉर्कला व्यंगचित्रकारांसाठी शाळा काढली. तीन शिक्षक, ३५ विद्यार्थी, त्यांतले बरेच महायुद्धावरून परतलेले. त्याच वर्षी, मध्यंतरी सोडलेला टारझनही पुन्हा हाती घेतला! १९५० मध्ये टारझन सुटला, शिकवणं सुटलं नाही. तीच शाळा पुढे स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स झाली. वॉली वुड, अल विल्यमसन यांसारखे पुढे नावाजलेले चित्रकथाकार त्याच्या हाताखाली शिकले.

तुझं ते पुस्तक १९५८ चं, म्हणजे वर्ग घ्यायला लागल्यानंतरचं. मला वाटतं, शिकवलं नसतं तर ते झालंच नसतं. स्वतः काढताना हात आपोआप वळतो. समोरच्या पोराने ‘खांदा इथेच का वळला?’ विचारलं की हाड कुठे, स्नायू कुठून कुठे जातो, सगळं उकलून दाखवावं लागतं. आणि चित्रकार संपला म्हणशील, तर साठीला टेकल्यावर, १९७२ मध्ये, त्याने टारझन पुन्हा काढला, या वेळी अख्खं पुस्तक. १९९६ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये गेला तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता, नुकताच फ्रान्समधल्याच आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाला जाऊन आलेला.

तेव्हा वर्गाला हो म्हण. फक्त सकाळचे दोन तास तुझ्या चित्रांचे, ते कुणालाही देऊ नकोस. मुलं कुठल्या वयाची आहेत ते कळव. आईने जुन्या कॅलेंडरांचे पाठकोरे कागद कापून ठेवलेत, पाठवून देतो.

तुझे,
बाबा