बक्षीस एकाच घरात गेलं, म्हणून काय झालं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘न्यूयॉर्क मिनिट’ या अमेरिकी चित्रपटावरचा लेख वाचला. चित्रपट सुमार आहे हे मलाही मान्य. पण त्यातल्या जुळ्या बहिणी जेन आणि रॉक्सी इतक्या वेगळ्या असणं समीक्षकांना अजिबात पटलेलं नाही. एक मिनिटामिनिटाचं वेळापत्रक करणारी, दुसरी शाळा बुडवून ड्रम वाजवणारी. जुळ्या बहिणी अशा नसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हे कोणी सांगितलं?

मी जुळ्यांतली थोरली, सात मिनिटांनी. धाकटी पुस्तकातला किडा, मी मैदानावरची. आठवीत दोनशे मीटरच्या शर्यतीत पहिली आले आणि माइकवरून नाव पुकारलं गेलं तिचं. ती त्या वेळी वर्गात वाचत बसली होती. मी सरांना सांगायला गेले तर म्हणाले, ‘‘अगं, बक्षीस एकाच घरात जाणार ना!’’ सगळे हसले. प्रमाणपत्रही तिच्याच नावाचं निघालं. घरी आल्यावर तिने स्वतःचं नाव खोडून पेनाने माझं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते बदलून मागायला आम्ही दोघी गेलो, तर खाडाखोड केली म्हणून तिलाच बोलणी बसली. ते प्रमाणपत्र अजून माझ्याकडे आहे. त्यावर दोन्ही नावं आहेत, एक खोडलेलं.

म्हणून जेन वेळेवर पोचत नाही आणि रॉक्सी तिच्या नावाने भाषणाला उभी राहते, त्या प्रसंगाला मला हसू आलं नाही. तुमच्या लेखात त्याची ‘ओढूनताणून’ एवढ्या एकाच शब्दात वासलात लावली आहे.

आणि ज्या दोघी जुळ्या बहिणी, मेरी-केट आणि अ‍ॅशली ओल्सन, या भूमिका करत होत्या त्यांचं काय झालं होतं? १९८७ ते १९९५ या काळात ‘फुल हाउस’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत मिशेल ही एकच मुलगी दोघींनी आलटून पालटून रंगवली, कारण लहान मुलांकडून किती तास काम घ्यायचं यावर कायद्याची मर्यादा होती. चित्रीकरणाला सुरुवात झाली तेव्हा त्या वर्षाच्याही नव्हत्या. नामावलीत त्यांची नावं वर्षानुवर्षं अशी सलग दिली जात की वाचणाऱ्याला ती एकच मुलगी वाटावी. अशा दोघींना २००४ साली एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या दोन मुली साकारायला मिळाल्या, हे लेखात यायला हवं होतं. त्यांना ‘एकबीज जुळ्या’, म्हणजे एकाच बीजांडातून जन्मलेल्या, म्हटलंय, तेही चूक. त्या द्विबीज आहेत, म्हणजे एरवीच्या सख्ख्या बहिणींइतक्याच सारख्या. एकबीज आम्ही दोघी आहोत, आणि तरीही वेगळ्या आहोत.

लेखात याच चित्रपटातल्या अँडी रिक्टर या नटाच्या भूमिकेचं कौतुक आहे. गोऱ्या नटाने चिनी हेल काढून बोलायचं आणि आपण त्याला विनोद म्हणायचं, हे मला पटलं नाही.

आता छायाचित्राबद्दल. जेन झाली आहे अ‍ॅशली, रॉक्सी झाली आहे मेरी-केट. छायाचित्राखालच्या तुमच्या ओळीत नावं उलटी छापली आहेत. सकाळी कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळालं, ‘‘दोघी सारख्याच दिसतात हो, वाचकांच्या लक्षात येणार नाही.’’

माझ्या लक्षात आलं. बहिणीलाही फोन केला, तिच्याही आलं होतं. कृपया दुरुस्ती छापावी, आणि दोघींची नावं वेगवेगळ्या ओळीत द्यावीत.

आपली,
एक नियमित वाचक