आजारी कुत्रीला कामचोर ठरवणाऱ्या प्रशिक्षण केंद्रास तक्रार पत्र

नागपूर
दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
श्वान क्रीडा प्रशिक्षण व निवास केंद्र,
नागपूर

विषय : निवासी प्रशिक्षणात ताराच्या आजाराकडे झालेले दुर्लक्ष, पशुवैद्याला न विचारता दिलेली वेदनाशामक गोळी आणि शुल्क परतावा

महोदय,

माझी लॅब्राडॉर कुत्री तारा जानेवारीपासून तुमच्या केंद्रात अ‍ॅजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीच्या, निवासी प्रशिक्षणाला होती. येत्या हिवाळ्यात तिला स्पर्धेत उतरवायचे ठरले होते. एप्रिलच्या शेवटी मी तिला घरी आणले तेव्हा तिच्या नाकातून रक्त येत होते. आमच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी रक्त तपासले. निदान गोचीड तापाचे, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या संसर्गाचे होते. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, साधारण दोन ते पाच लाख असतात, ताराच्या ३८ हजारांवर आल्या होत्या. आणि अशा अवस्थेत तुमच्या प्रशिक्षकाने तिला माणसांची डायक्लोफेनॅकची गोळी देऊन अडथळ्यांवरून पळवले होते.

मी फोनवर तक्रार केली, तेव्हा ‘आजारपण ही मालकाची जबाबदारी, अटी वाचा’ एवढेच उत्तर मिळाले. अटी मी पुन्हा वाचल्या. आता हे पत्र तुम्ही वाचावे.

कुत्रे आजारी पडतात, खेळणारे कुत्रे जास्तच, हे मला मान्य आहे. ताराला ताप आला म्हणून मी भांडत नाही. ती आजारी आहे हे तुमच्याच केंद्रातल्या वहीत लिहिलेले होते. तरीही तुमच्या प्रशिक्षकांनी तिला कामचोर ठरवले, ही माझी तक्रार आहे.

फेब्रुवारीतले काम चांगले होते, हे मी मोकळेपणाने सांगते. उडीचा आडवा दांडा (बार) जमिनीलगत ठेवून सुरुवात, बोगद्याची भीती घालवणे, हाक मारली की कुठूनही परत येणे, हे सगळे घाई न करता शिकवले गेले. मार्चच्या मध्यापासून मात्र तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंत वेगळीच तारा दिसते. आधी ती बारच्या जवळ जाऊन उडी घेत असे, आता लांबूनच उडी टाकते आणि मागचे पाय लागून बार पडतो. ए-फ्रेमवरून, म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरत्या फळ्यांच्या अडथळ्यावरून, उतरताना पुढच्या पायांवर भार द्यायला कचरते. सपाट जागेवर धावतानाही मागचे दोन्ही पाय एकदम उचलते. बसायला सांगितले की एक मांडी बाहेर काढून तिरकी बसते. मी लगेच विचारले, हिचे काही दुखते आहे का? तुमच्या मुख्य प्रशिक्षकांचा आवाजी निरोप माझ्याकडे जपून ठेवलेला आहे : “ताई, काही नाही झालं तिले. कामचोरी करून राहिली. थोडं कडक व्हाव लागते.” मी स्वतः येऊन पाहते म्हटले, तर मालक दिसला की कुत्र्याचे लक्ष उडते, हा तुमचा नियम पुढे आला.

पक्की शिकलेली गोष्ट कुत्रे दोन आठवड्यांत विसरत नाही. जी उडी फेब्रुवारीत बिनचूक होती ती मार्चमध्ये बिघडली, तर आधी शरीर तपासायचे आणि त्यानंतर स्वभावाचे बोलायचे. क्रीडा प्रशिक्षण देणाऱ्याने पाळायची ही पहिली गोष्ट आहे. लॅब्राडॉरच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाळायला हवी, कारण हे कुत्रे दुखऱ्या पायानेसुद्धा चेंडूमागे धावते. ते लंगडेपर्यंत थांबलात, तर फार उशीर झालेला असतो. गोचीड तापात सांधे सुजतात, अंग दुखते, भूक जाते. व्हिडिओंत दिसते ते सगळे या आजाराशी जुळते, असे आमच्या डॉक्टरांनी ते पाहून सांगितले.

आता वहीबद्दल. तुमच्याकडे कुत्र्यांना जेवण देणारे जे काका आहेत, ते प्रत्येक पिंजऱ्याबाहेर दोरीने एक वही बांधून ठेवतात. ताराला न्यायला आले त्या दिवशी मी तिच्या वहीच्या पानांचे फोटो काढले. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातल्या नोंदी अशा आहेत : ‘सकाळ अर्धे खाल्ले’, ‘सकाळ नाही खाल्ले’, ‘कानात गोचीड, काढले’, ‘अंग गरम’, पुन्हा ‘अंग गरम’. त्याच पंधरवड्याचा तुमचा छापील प्रगती अहवाल म्हणतो, ‘ऊर्जा उत्तम, एकाग्रता कमी, शिस्तीची गरज’. हे दोन्ही कागद एकाच कुत्रीबद्दल आहेत. काका मला म्हणाले, “ताई, मी लिहून ठेवलं, पण वही कोणी पाहूनच नाही राहिलं.” त्या माणसाने आपले काम चोख केले. या पत्रामुळे त्यांच्यावर कसलीही कारवाई होऊ नये, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

‘अंग गरम’ या नोंदीवर कोणी ताप का मोजला नाही, असे मी विचारले. केंद्रात थर्मामीटरच नाही, असे उत्तर आले. निवासाच्या बरोबरीने ‘आरोग्य देखरेख’ या नावाने पैसे घेणाऱ्या जागी काही शे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर नसावा, हे मला अजून पचत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे आपल्या हाताला ते कायमच कोमट लागते. हात लावून त्याचा ताप कळत नाही. शिवाय जोरात धावून आलेल्या कुत्र्याचे तापमान १०४-१०५ पर्यंत चढते आणि विश्रांतीनंतर उतरते. म्हणूनच ते सकाळी, शांत असताना मोजावे लागते. घरी आणल्यावर तारा कूलरसमोर पडून होती, कुठेही धावली नव्हती, तेव्हा तिचे तापमान १०४.२ भरले.

तुमच्या प्रशिक्षकांनी मधल्या काळात ‘ऊन लागलं असेल, ग्लुकोजचं पाणी दिलं, ओला टॉवेल टाकला’ असेही कळवले होते. नागपूरच्या एप्रिलमध्ये कृत्रिम गवताच्या मैदानावर सकाळी साडेनऊपर्यंत सराव घेणाऱ्याला उन्हाची आठवण नंतर यावी, याचे वाईट वाटते. ते गवत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि कुत्र्याच्या शरीरातली उष्णता मुख्यतः धापेवाटेच बाहेर पडते. त्याला घाम येतो तो तळव्यांना, तोही नाममात्र. खरोखर उष्माघाताची शंका होती, तर आधी अंगावर भरपूर पाणी ओतायचे, वारा द्यायचा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यायचे असते. नुसता ओला टॉवेल पांघरून ठेवला की उष्णता खालीच कोंडते. आपल्याकडे पाऊस येईपर्यंत हवा कोरडी असते, भिजवलेल्या अंगावर कूलरचा वारा लागला की कुत्रे लवकर थंड होते. तुमच्या शेडमध्ये कूलर होते, ते कार्यालयाच्या बाजूला.

सर्वांत गंभीर गोष्ट गोळीची. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्या नव्या बॅचच्या जाहिरातीचे चित्रीकरण होते आणि त्यात ताराला पळवायचे होते. आदल्या संध्याकाळी प्रशिक्षकांनी मला लिहिले, ‘थोडी आखडली होती, पेनकिलर दिली, उद्या पळेल.’ सोबत गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो होता. ते डायक्लोफेनॅक होते. मी ताबडतोब फोन केला, तो कोणी उचलला नाही. या औषधाने कुत्र्यांच्या जठरात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. भारतात जनावरांसाठी त्याचा वापर २००६ पासूनच बंद आहे. ती बंदी गिधाडांना वाचवण्यासाठी आली, पण त्यामुळे निदान या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवे होते. कुत्र्यांना चालणारे मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामकसुद्धा वजन पाहून पशुवैद्यानेच द्यायचे असते, आणि प्लेटलेट्स घसरलेल्या असताना तर तेही धोक्याचे. ताराची शी नंतर काळी होऊ लागली, म्हणजे पोटात रक्तस्राव झाला होता. त्याच अवस्थेत तिने तुमच्या कॅमेऱ्यासमोर उड्या मारल्या. दुखणे दाबून स्पर्धेत कुत्रे उतरवणे याला डोपिंग म्हणतात. तुम्ही ते सरावात आणि जाहिरातीसाठी केले.

गोचीड तिने घरून आणले असतील, असे तुमच्या प्रतिनिधीने सुचवले. प्रवेशाच्या वेळी तुम्हीच मागितलेल्या रक्ततपासणीत ताराच्या प्लेटलेट्स व्यवस्थित होत्या. गोचीड चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून तारा तुमच्या आवाराबाहेर गेलेली नाही. गोचीड प्रतिबंधाचे पैसे तर पॅकेजमध्येच धरलेले होते. कुत्र्यांवरचे हे तपकिरी गोचीड पिंजऱ्याच्या भिंतींच्या भेगांमध्ये राहते, एक मादी हजारो अंडी घालते, आणि पिल्लापासून मोठे होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कुत्र्याचेच रक्त पिते. कानातले चार गोचीड उपटून काही होत नाही. कुत्र्यांना औषध आणि भिंती, फटी, छत यांची फवारणी दोन्ही एकदम आणि पुन्हा पुन्हा करावी लागते. ताराच्या पिंजऱ्याच्या भिंतीचा फोटो सोबत आहे, भेगांत काय आहे ते मोठे करून पाहा.

आणखी एक गोष्ट ताराची नाही, पण पाहिली आहे म्हणून लिहिते. त्याच मैदानावर सात-आठ महिन्यांची दोन पिल्ले पूर्ण उंचीच्या बारवरून उड्या मारत होती. मोठ्या जातींत हाडांची वाढीची टोके वर्ष-सव्वा वर्ष, कधी त्याहून उशिरापर्यंत मिटत नाहीत. ज्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांचा उल्लेख तुमच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत आहे, त्याच नियमांनुसार अ‍ॅजिलिटी स्पर्धेत उतरायला कुत्रे किमान १८ महिन्यांचे लागते. त्या पिल्लांच्या पालकांना हे कोणी सांगितले आहे का?

माझ्या मागण्या सांगते. मार्च आणि एप्रिलचे शुल्क ₹ २७,००० परत करावे. जानेवारी-फेब्रुवारीचे मी मागत नाही, कारण तेव्हा काम नीट झाले. उपचारांचा आजवरचा खर्च ₹ १८,६०० द्यावा, बिले जोडली आहेत. ताराचे त्या चित्रीकरणातले दृश्य जाहिरातीतून काढावे. ‘आजारपण ही मालकाची जबाबदारी’ हे वाक्य अटींमधून काढावे, कारण जो कुत्रा महिनोन्महिने तुमच्या ताब्यात आहे त्याचा ताप मालक घरबसल्या मोजू शकत नाही. आणि आत्ता तुमच्याकडे राहणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची रक्ततपासणी करून त्यांच्या पालकांना गोचीड तापाबद्दल लेखी कळवावे. ही मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण ताराच्या शेजारच्या पिंजऱ्यातला जर्मन शेफर्डही त्या दिवशी जेवण सोडून बसला होता.

पुढे उन्हाळ्यात सराव किती वाजता थांबवायचा, रोज ताप आणि भूक कोणी पाहायची, कुत्रे उडी नाकारू लागले की पशुवैद्याची तपासणी होईपर्यंत सराव बंद ठेवायचा की नाही, हे लेखी ठरवा. या शहरात सेमिनरी हिल्सला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सल्ला घ्यायला तुम्हाला मुंबई-पुण्याला जायची गरज नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी जाईन. नोंदणीकृत पशुवैद्य नसलेल्या व्यक्तीने औषधोपचार करण्याचा प्रश्न भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ मध्ये येतो, त्याची तक्रारही स्वतंत्रपणे करीन.

ताराचा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा चार आठवड्यांचा कोर्स झाला आहे, प्लेटलेट्स वाढल्या आहेत, पण मागच्या पायांचे स्नायू बरेच उतरले आहेत. डॉक्टरांनी सध्या फक्त पट्ट्याला धरून सावकाश चालवायला सांगितले आहे. खुब्याचे एक्स-रे पाहिल्याशिवाय उडी नाही. येता हंगाम तिचा गेला.

तिचे लसीकरणाचे कार्ड अजून तुमच्या कार्यालयात आहे. बाकी उत्तराला वेळ लागणार असेल तरी ते कार्ड या आठवड्यात कुरिअरने पाठवावे, तिच्या रेबीजच्या लसीची तारीख जवळ आली आहे.

आपली ग्राहक,
ताराची पालक
नागपूर

सोबत : शुल्काच्या पावत्या, उपचारांची बिले, दोन्ही रक्ततपासण्यांचे अहवाल, वहीच्या पानांचे आणि भिंतीचे फोटो, प्रशिक्षकांचे निरोप