जिन्याची पाळी

स्टुटगार्ट, जर्मनी, रविवार

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला केव्हाच गेला, जेवणही वेळेवर होतं. परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या हातात बादली नि फडका बघून आई एकदम गप्प झाली, आणि बाबांनी विचारलं, "लोकांचे जिने पुसायला गेलास का तिकडे?" तसं काही नाही. नीट सांगतो.

इथे याला 'केअरवोखे' म्हणतात, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. आमच्या मजल्यावर दोन घरं. ज्याच्या दाराच्या मुठीला पाटी अडकवलेली, त्याची पाळी. आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडून पुसायचा आणि पाटी समोरच्या दाराला लावायची. ही छोटी पाळी. मोठी पाळी सगळ्या इमारतीत फिरते. तिच्यात खालचं मुख्य दार, टपालपेट्यांसमोरची फरशी, तळघर, बाहेरचा फुटपाथ आणि थंडीत बर्फसुद्धा. जिना लख्ख असला तरी पुसायचाच! १७१४ साली इथल्या ड्यूकने, म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्याने, गल्ल्या झाडायचा हुकूमच काढला होता. शहराची सक्ती १९८८ मध्ये उठली, पण आमच्या भाडेकरारात ती आहेच. वरच्या मजल्यावरचे डॉक्टरही पुसतात. तेव्हा आई, यात कमीपणा काही नाही.

पहिल्या पाळीला माझे पायऱ्यांचे कोपरे राहिले. समोरच्या आजी काही बोलल्या नाहीत. बोटाला ओला फडका गुंडाळून त्यांनी एक कोपरा काढून दाखवला. तू देवघराचा काढतेस, अगदी तसा. तेव्हापासून जिना पुसताना तुझा सडा आठवतो. इतकी वर्षं तू उंबरठा पुसायचीस आणि मी ओल्यावरून चपला घालून निघून जायचो. आता गुडघा दुखतो ना? अंगण झाडायला बाई लाव, पैसे मी देतो. नाही म्हणू नकोस.

छोटीच्या लग्नाच्या हॉलसाठी ऐंशी हजार पाठवलेत. बाबा, मंगळवारी पासबुक भरून बघा. साखरपुड्याला येणं जमत नाही. रजा लग्नासाठी राखून ठेवलीय. छोटीला मीच फोन करून सांगतो, तुम्ही आधी सांगू नका, रडेल. माझ्यासाठी आलेलं स्थळ तूर्त थांबवा, आधी तिचं होऊ दे.

लग्नाच्या आठ दिवस आधी पोचतो. ओटा नि अंगण मी आल्यावर धुतो, तोवर आईने खाली बसून पुसायचं नाही.

तुमचा,
बाळू