काकू, तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरांसाठी

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. ज्यांच्याकडे हक्काने बघावं, ते दिवसकार्य आटोपताच दिसेनासे झाले. एका कचेरीतून तर ‘जर्मन येणाऱ्या कुणाला तरी घेऊन या’ म्हणून मला परत पाठवलं. बारा वर्षं कलोनमध्ये राहून जर्मन बोलणारी मी! त्या दिवशी तोंडातून शब्दच फुटत नव्हता, एवढंच.

तुम्ही मात्र काही विचारलं नाहीत, समजावलं नाहीत. खिचडीच्या डब्यासोबत एक पुस्तक ठेवून गेलात. एस्टर किन्स्की यांचं ‘हाइन’.

किन्स्की आपल्या जवळच्याच, एंगेल्सकिर्शेनच्या. जन्म 1956 चा. पोलिश, रशियन आणि इंग्रजीतून त्यांनी किती पुस्तकं जर्मनमध्ये आणली! पोलिश लेखिका ओल्गा तोकार्चुक यांचीसुद्धा, त्यांना नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी. पती मार्टिन चाल्मर्स हेही अनुवादकच, ते 2014 मध्ये गेले. त्यानंतरचं हे पुस्तक. जोडीदार गमावलेली बाई रोमजवळच्या ओलेव्हानोत हिवाळा काढते. रडारड कुठेच नाही. समोरची दफनभूमी, डोंगरउतार, पक्षी, सगळं ती नुसतं बघत राहते. सुरुवातीलाच रुमानियातल्या चर्चमधल्या मेणबत्त्या येतात. जिवंतांसाठी एक जागा, मृतांसाठी दुसरी. माणूस गेलं की त्याच्या नावाची जळती मेणबत्ती उचलून पलीकडे ठेवायची. विझवायची नाही. त्या पानावर मी चार दिवस अडकले होते.

2018 मध्ये या पुस्तकाला लाइपझिशच्या ग्रंथमेळ्याचा पुरस्कार मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण काकू, मला सावरलं ते तुमच्या पेन्सिलीने. अवघड शब्द आला की समासात बारीक अक्षरात मराठी अर्थ. पहिल्या पानावर ‘हाइन’च्या खाली आधी ‘राई’ लिहिलंय, ते खोडून ‘देवराई’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते वाचलं आणि आमच्या गावची देवराई डोळ्यांपुढे आली, जिथलं पडलेलं लाकूडही कुणी घरी नेत नाही. ह्यांच्यामागे पहिल्यांदाच मी पोटभर रडले. कुणासाठी तरी, न सांगता, एवढं बसून लिहायचं! अशी माणसं आहेत म्हणून परक्या मुलखात दिवस निघतात.

रविवारी पुस्तक परत द्यायला येते. एकही खूण पुसलेली नाही. शेवटच्या भागात दोन शब्दांचे अर्थ मी लिहिलेत, तेवढे तपासून द्या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची