हिवाळ्यातलं सिएटल आवडलं नाही, तर दोष पावसाचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात अमेरिकेतल्या सिएटलला जा, हॉटेलं स्वस्त मिळतात आणि रिमझिम पावसात शहर फार रोमँटिक दिसतं, असा सल्ला आपल्या पर्यटन पुरवणीत वाचला. हॉटेलं स्वस्त मिळतात हे खरं; का मिळतात, तेही सांगायला हवं होतं. मुलगा किंवा लेक सिएटलजवळच्या रेडमंड-बेल्व्ह्यूला असते म्हणून नाताळच्या सुट्टीत तिकडे जाणारे मराठी आईवडील कमी नाहीत. परतल्यावर 'शहर काही मनात भरलं नाही' हे त्यांना जरा चोरट्या आवाजात सांगावं लागतं. त्यात चोरण्यासारखं काही नाही, कारणं पुष्कळ आहेत.

आधी पावसाचा हिशोब. सिएटलला वर्षभरात साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या सांताक्रूझला 26 जुलै 2005 रोजी एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. न्यूयॉर्कचा वर्षाचा पाऊसही सिएटलपेक्षा जास्त भरतो. पण सिएटलचा हा एवढासा पाऊस दीडशेच्या आसपास दिवसांवर पसरलेला असतो आणि त्यातला निम्म्याला थोडा कमी एकट्या नोव्हेंबर ते जानेवारीत येतो. जुलैत जेमतेम 15 मिलिमीटर. आपल्याला सवय असते ती सरींची: सर आली की आडोशाला उभं राहायचं, ओसरली की निघायचं. तिथे पॅसिफिकवरून येणारे ढग सपाट थरासारखे पसरून बसतात. सर अशी येतच नाही, त्यामुळे ओसरतही नाही. आडोशाला थांबलेला पर्यटक थांबूनच राहतो.

तरीही माझ्या मते खरी अडचण उजेडाची आहे, आणि पुरवणीत त्याबद्दल एक ओळही नव्हती. सिएटल 47.6 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आठला पाच मिनिटं असताना उगवतो आणि चार वाजून वीस मिनिटांनी मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून फक्त 19 अंश वर असतो, आणि ढग असले की तेवढाही दिसत नाही. त्यात भारतातून गेलेल्या माणसाचं घड्याळ साडेतेरा तास उलटं झालेलं. पहाटे तीनला टक्क जाग, उजाडायला पाच तास. दुपारी तीनला, म्हणजे शरीराच्या पहाटे साडेचारला, डोळे मिटायला लागतात आणि तासा-दीड तासात बाहेर अंधार. पहिल्या आठवड्यात शहर पाहायला हातात उरतात जेमतेम सहा-सात तास, तेही करड्या उजेडाचे. अशा स्थितीत कुठल्याही शहराच्या प्रेमात पडणं अवघडच.

ज्यांचं जाणं ठरलेलंच आहे, त्यांनी दिवसाची आखणी उजेडावर करावी. साडेआठला घराबाहेर पडायचं, उघड्यावरचं सगळं दुपारी तीनच्या आत उरकायचं, संग्रहालयं नंतर. बहुतेक मंडळी नेमकं उलट करतात: सकाळ घरात चहा-नाश्त्यात जाते आणि जिथून शहराचा देखावा दिसतो त्या केरी पार्कवर पोचतात तेव्हा चार वाजलेले असतात.

दुसरी चूक म्हणजे स्पेस नीडलचं तिकीट आठवडाभर आधी काढून ठेवणं. हा मनोरा 1962 चा, 184 मीटर उंच. लोक उभे राहतात तो मजला सुमारे 158 मीटरवर. ढग खाली आले की तिथून पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. जायच्या दिवशी रस्त्यावरून मान वर करून बघा. टोक स्पष्ट दिसत असेल तरच तिकीट काढा. माउंट रेनियरचंही तेच. 4392 मीटरचा पर्वत शहराच्या आग्नेयेला उभा आहे, पण हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे त्याचा पत्ता नसतो. मध्येच हवेचा दाब वाढतो आणि एखाद-दोन दिवस लख्ख, बोचऱ्या थंडीचे मिळतात. त्या दिवशी ठरलेलं सगळं बाजूला ठेवून बाहेर पडावं. गाडीने थेट रेनियरच्या राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल, तर 1 नोव्हेंबर ते 1 मे या काळात प्रत्येक गाडीत चाकांना बर्फात घालायच्या साखळ्या असणं बंधनकारक आहे, आणि लाँगमायरपासून वर पॅराडाइजकडे जाणारा रस्ता उघडा आहे का, हे निघण्यापूर्वी तपासावं लागतं. जावयाची गाडी फोर-व्हील ड्राइव्हची आहे एवढ्याने भागत नाही.

कपड्यांबद्दल. तापमान साधारण 3 ते 8 अंश, म्हणजे आकडा भीतीदायक नाही. म्हणूनच फसगत होते. ओल अंगात मुरते. पिसं भरलेलं गुबगुबीत जॅकेट बर्फाळ कोरड्या थंडीचं. भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर आणि वर टोपी असलेलं पावसाळी जॅकेट, हे बरं. घेताना ते उलटं करून पाहा: शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर पाणी टाक्यांतून झिरपणार. छत्री स्थानिक लोक फारशी वापरत नाहीत, कारण तुषार इतके बारीक असतात की वाऱ्याने छत्रीच्या खालून येतात. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. जाळीदार स्पोर्ट्स शूज तर नकोतच. पाइक प्लेस मार्केटसमोरचा विटांचा रस्ता ओला असला की घसरडा होतो आणि तिथून समुद्राकडे उतार चांगलाच तीव्र आहे. गुडघ्याच्या तक्रारी असलेल्यांनी जिन्यांऐवजी लिफ्ट शोधावी. बुटांचे दोन जोड न्या, आज भिजलेला उद्या वाळत ठेवता येतो.

पावसात पाहण्यासारखं मात्र भरपूर आहे, आणि ते बहुधा 'वेळ उरला तर' या यादीत असतं. म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये पहिलं बोइंग 747 आणि एक काँकॉर्ड हे स्वनातीत प्रवासी विमान एकाच छपराखाली आहे. अर्धा दिवस सहज जातो. वास्तुविशारद रेम कूलहास यांनी घडवलेलं 2004 चं मध्यवर्ती ग्रंथालय फुकट पाहता येतं. आतली पुस्तकांची मांडणी चार मजले सलग उतरणीवर आहे, जिना न चढता विषयामागून विषय चालत जावं. वरच्या वाचनकक्षात काचेच्या छताखाली बसलं की करडा उजेडही सुसह्य होतो. बेनब्रिज बेटाची फेरीबोट 35 मिनिटांची. पायी जाणाऱ्याला तिकीट फक्त सिएटलहून निघताना लागतं, परतीचं नाही. उबदार काचेच्या खोलीत बसून शहर पाण्यावरून दिसतं, आणि हिवाळ्यात ते तिथूनच सर्वांत बरं दिसतं असं माझं मत.

कोरडं आकाश हवंच असेल, तर ऑलिंपिक पर्वतांच्या ईशान्येला सिक्विम नावाचं गाव आहे. समुद्राकडून येणारे ढग पर्वताच्या समुद्राकडच्या अंगालाच रिकामे होतात. त्या बाजूच्या होह रेनफॉरेस्टमध्ये वर्षाला 3500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सिक्विमला जेमतेम 400.

मुलांना सुट्टी नाताळातच असते, हा युक्तिवाद मान्य. पण आईवडिलांना सुट्टीची वाट पाहायची नसते. त्यांनी जुलैत जावं: रात्री नऊपर्यंत उजेड, पाऊस जवळजवळ नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरात काही वर्षी वणव्यांचा धूर शहरावर येतो, त्यामुळे दम्याचा त्रास असलेल्यांनी जुलैचा पहिला पंधरवडाच धरावा.

आपला,
एक नियमित वाचक