खारघरमधल्या अनोळखी माणसांचे आभार

आमच्या लेकीला मेड्युलोब्लास्टोमा झाला, म्हणजे लहान मेंदूत कॅन्सरची गाठ. शस्त्रक्रियेनंतर खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात, तिची प्रोटॉन थेरपी, म्हणजे प्रोटॉन कणांच्या झोताने केलेला किरणोपचार, झाली. नेहमीच्या किरणोपचारातले क्ष-किरण शरीरातून आरपार जातात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर बहुतेक शक्ती सोडून तिथेच थांबतात. या आजारात मेंदूबरोबर सगळ्या मणक्यालाही किरण द्यावे लागतात. अशा वेळी मणक्यापुढचं हृदय, फुप्फुसं, आतडी शक्य तितकी वाचणं वाढत्या वयात फार मोलाचं. २०२३ पासून हे उपचार इथे मिळतात, हे आमचं भाग्यच.

भूल विभागातल्या ताई, उपाशीपोटी रडणाऱ्या पोरीला तुम्ही रोज कडेवर घेऊन, गाणं म्हणत आत न्यायचात. तंत्रज्ञ दादा, डोकं हलू नये म्हणून लावायचा तो जाळीदार मास्क पाहून ती बिचकायची. तुम्ही त्यावर फुलपाखरू रंगवलंत आणि तिची भीती गेली. प्लेटलेट द्यायला धावत आलेल्या कॉलेजच्या मुलांनो, पहाटे धर्मशाळेच्या दाराशी रिक्षा घेऊन उभे राहणारे काका (पैसे घ्यायलाही तयार नसायचे), तुमची नावंसुद्धा आम्हाला ठाऊक नाहीत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. लेक जूनपासून शाळेत जाणार आहे.