चिपळूणचा चिखल उपसणाऱ्या अनोळखी मंडळींचे आभार

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. ते ओसरले तेव्हा आमच्या किराणा दुकानात फुगून फाटलेली धान्याची पोती आणि गुडघाभर चिखल एवढेच उरले होते. अशा वेळी बाहेरगावाहून आलेल्या एका गटाने दारात थांबून प्रथम विचारले, "काका, कुठून सुरुवात करू?"

फावडी, घमेली, गमबूट, पिण्याचे पाणी, एवढेच नव्हे तर स्वतःची भाकरीही त्यांनी सोबत आणली होती, त्यामुळे त्यांच्या जेवणाखाण्याचा भार आमच्यावर पडला नाही. पंचनामा व्हायचा असल्याने खराब माल फेकण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढण्याचा आग्रह त्यांनीच धरला. त्यांच्यातील एका ताईंनी उधारीची भिजलेली वही उचलली आणि पानापानांमध्ये कोरडी रद्दी घालत, ती पुन्हापुन्हा बदलत, संपूर्ण दुपार त्या एकाच कामात घालवली. चिखल काढणारे अनेक भेटले. वही वाचवण्याचे मात्र दुसऱ्या कुणाला सुचले नसते.

जुन्या कपड्यांचे ढीग तेव्हा रस्त्याकडेला भिजत पडले होते. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही, परंतु आम्हाला खराटे, फिनेल आणि कोरडा शिधा हवा होता. दूरध्वनीवर आधी चौकशी करून नेमके तेच पाठवणाऱ्या अनामिक दात्यांचेही आम्ही ऋणी आहोत.

ताई, वहीतील बहुतेक नोंदी वाचता आल्या आणि त्यांच्याच आधारे जमलेल्या उधारीतून पहिला माल भरला. आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.